ओल गेली का ते गालाला विचारायचं

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत माझा एक वाडगा भट्टीत फुटला. नुसता तडकला असता तर चाललं असतं, पण हा फुटला, तुकडे उडाले आणि शेजारी ठेवलेला एक मग पण त्यात गेला, आणि तो मग माझा नव्हता. भट्टी एका पॉटरी स्टुडिओची, तिथे मी क्लास वगैरे करत नव्हते, घरी बनवायचं आणि फक्त भाजायला तिथे नेऊन द्यायचं असं चाललं होतं, बाकीच्यांच्या वस्तूंबरोबर माझ्या पण भट्टीत लागायच्या. फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये जीएसटीच्या रिटर्नमध्ये डोकं घालून बसलेले. स्टुडिओतल्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, तुमच्या वाडग्यात ओल राहिली होती. मी म्हटलं अहो आठ दिवस वाळवलाय. तर त्या म्हणाल्या, जुलैतले आठ दिवस ना?

मगवाल्या मुलीला मी नंतर जाऊन भेटले. तिने तो वडिलांसाठी केला होता, हँडलच चार वेळा काढून परत लावलं होतं म्हणे. "असू दे हो ताई, परत करीन" म्हणाली, आणि ती खरंच मनापासून म्हणाली, पण मला पुढे तीन महिने मातीला हात लावावासा वाटला नाही. आपली वस्तू मोडली तर आपण बघून घेतो, दुसऱ्याची चार वेळा लावलेली मेहनत आपल्या घाईने गेली की ते वेगळंच लागतं.

तेव्हा वाचून वाचून जे कळलं ते असं. मातीत अडकलेल्या पाण्याची १०० डिग्रीच्या पुढे वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते. वाडग्याच्या कडा पातळ होत्या, त्या वाळल्या, पण बूड मी बोटभर जाड ठेवलं होतं. वरून पांढरट कोरडं दिसत होतं, आत पाणी होतं. वाफेला निघायला वाट नाही, मग ती भिंत फोडून निघाली.

आता थोडं मागे जाते. मी चित्रकला कुठेच शिकलेले नाही. शाळेत एलिमेंटरी दिली, सी ग्रेड आली, इंटरमिजिएटला घरून कुणी आग्रह केला नाही आणि मी पण केला नाही, मग बीकॉम, नोकरी, लग्न. पण हात रिकामे कधीच नव्हते. सदाशिव पेठेत आमचा वाडा होता, तिथे दिवाळीला किल्ला करायचो, माती चाळायची, भिजवायची, विटा आणि पोती रचून त्यावर लिंपायची, हळीव पेरायचे. बुरूज उन्हात ठेवला की तडे जातात आणि सावलीत ठेवला तर टिकतो हे मला आठव्या वर्षी माहीत होतं. आणि आजी दुपारी गोधडी घालून बसायची, जुनी लुगडी एकावर एक, कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. मला कोपरा वळायला द्यायची, कोपरा वळताना दोरा ओढला की कापड गोळा होतं, तो सैल सोडायचा असतो. हे दोन्ही शिक्षणच होतं असं मला आता वाटतं, फक्त त्याचं सर्टिफिकेट नव्हतं.

लोकर आयुष्यात आली ती जेजुरीहून. चंपाषष्ठीनंतरच्या आठवड्यात आम्ही देवाला गेलो होतो, पायऱ्यांखाली एक जण घोंगड्या घेऊन बसलेले, काळ्या, खरखरीत, मेंढीचा वास असलेल्या. मी घोंगडी घेतली आणि सहज विचारलं की नुसती लोकर मिळेल का. ते बघतच राहिले. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिला हल्ली कुणी भाव देत नाही, आणि ही बाई पुण्याहून येऊन कच्ची लोकर मागते. पण महिन्याभराने त्यांच्या गावी जाऊन अर्धं पोतं घेऊन आले. तिथे खड्ड्यातला माग बघितला, पाय खाली सोडून विणायला बसतात, आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुतांना, चिंचोक्याची खळ लावत होते, चिंचोके भिजवून वाटून शिजवलेली, म्हणजे सूत ताठ होतं आणि विणताना तुटत नाही. त्या खळीचा आंबूस वास माझ्या नाकात बसला तो अजून आहे.

घरी आल्यावर पहिल्याच घाण्याचा बळी गेला, तो माझ्याच हातून. रिठ्याच्या गरम पाण्यात लोकर भिजवली, इथपर्यंत बरोबर, पण मग ती कपडे चोळतो तशी चोळली आणि तशीच नळाच्या गार पाण्याखाली धरली. पाच मिनिटांत तिचा घट्ट नमदा झाला, उलगडेचना. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात, गरम पाण्यात ते उघडतात, चोळलं की एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. पुढे मी हेच मुद्दाम करायला शिकले, पण त्या दिवशी अर्धा किलो लोकर हातात धरून मोरीत उभी होते.

सूत कातायचं कसं हा प्रश्न मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सुटला. सासूबाई बाहेर आल्या, लोकर बघितली आणि म्हणाल्या, "अगं टकळी आण की, मी देते कातून." त्यांच्या शाळेत सूतकताईचा तास असायचा, पेळू घेऊन बसायचे सगळे. साठ वर्षांनी टकळी हातात घेतली, पहिला दिवस दोरा तुटत राहिला, दुसऱ्या दिवशी त्यांचा अंगठा आणि बोट आपोआप चालायला लागलं आणि त्या टीव्ही बघत कातायला लागल्या. कापसाला जेवढा पीळ लागतो तेवढा लोकरीला लागत नाही, हे त्यांनीच शोधून मला सांगितलं. आज माझ्या प्रत्येक विणलेल्या कामात त्यांचं सूत आहे, मी ते कुणालाही दाखवताना आधी हे सांगते.

रंगवण्यात मी सगळ्यात जास्त चुकले आणि सगळ्यात जास्त रमले. रंग धरायला १०० ग्रॅम लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी, पाणी हळूहळू तापवायचं, खळखळ उकळू द्यायचं नाही, लोकर आधी भिजवून घ्यायची नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. कांद्याच्या टरफलांचा सोनेरी तपकिरी रंग येतो, तो मला फार आवडतो, भाजीवाल्या काकू माझ्यासाठी टरफलं पिशवीत भरून ठेवतात. मंजिष्ठा रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणते, तिचा लाल नारिंगी येतो पण पाणी जास्त तापलं की विटकरीकडे झुकतो. आणि हळद. जेजुरीची लोकर, म्हणून पहिला रंग भंडाऱ्याचा पाहिजे असं माझ्या मनाने घेतलं होतं. काय पिवळा आला! ते विणून गॅलरीत पश्चिमेच्या भिंतीवर टांगलं आणि तीन आठवड्यांत मलईसारखं फिकं झालं. हळदीचा रंग कच्चा, उन्हाला टिकत नाही. उरलेली लड साबणाने धुतली तर ती लाल झाली, तेव्हा दचकले, मग आठवलं की कुंकू हळदीत चुना घालूनच करतात, साबण पण चुन्यासारखाच क्षारी. आजी हे सांगायची, मी ऐकलं होतं, पण बादलीत बघितल्यावर कळलं.

जलरंगांचं वेगळंच. अप्पा बळवंत चौकातून ट्यूबांचा साधा सेट आणि ड्रॉइंगचा कागद आणला आणि ऑफिसच्या आधी सकाळी सातला ओंकारेश्वराच्या घाटावर जाऊन बसायचे. पातळ कागद, पाणी लागलं की पापडासारखा वर यायचा आणि रंग खड्ड्यात जाऊन साचायचा. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा कागद पहिल्यांदा वापरला तेव्हा कळलं की निम्मं जे मी माझं अपयश समजत होते ते कागदाचं होतं. नव्याने सुरू करणाऱ्याला मी हेच सांगते, रंग स्वस्त घे पण कागद चांगला घे, एकच ताव घे आणि त्याचे आठ तुकडे कर.

तरी एक गोष्ट जमत नव्हती. आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, टाकायचा, तो सुकत आला की त्यात ढगाची कड मऊ करायला ब्रश लावायचा, आणि दर वेळी तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटायचा, कडेला कातरलेला. कारण असं की कागद अर्धा सुकलेला असतो आणि ब्रशमध्ये त्याच्यापेक्षा जास्त पाणी असतं, ते पाणी आत घुसतं आणि तिथला रंग ढकलत कडेला नेऊन ठेवतं. पुण्याचेच मिलिंद मुळीक, त्यांची जलरंगातली चित्रं मी तासन् तास बघायचे ती फक्त कडांसाठी, कुठली कड विरघळलीये आणि कुठली सुरीने कापल्यासारखी आहे. दोन्ही एकाच कागदावर, म्हणजे त्या माणसाला कागद कुठल्या क्षणी कुठे आहे हे नेमकं कळतंय. मला ते कळत नव्हतं. मी घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं, सहा मिनिटं, पण एप्रिलमधली चार मिनिटं आणि ऑगस्टमधली चार मिनिटं यांचा काही संबंधच नाही.

शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० मधली, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून निघालेली. तिथून आणलेला एक कागद इतका देखणा होता आणि रंग लावला तर टीपकागदासारखा सगळं पिऊन टाकायचा. कुणीतरी सांगितलं याला सायझिंग पाहिजे, म्हणजे वरून खळ. खळ म्हटल्यावर मला एकदम तो माग आठवला. चिंचोके आणले, भिजवले, वाटले, शिजवले, फडक्यातून गाळून पातळ करून दोन हात कागदाला दिले. कागद जरा पिवळट झाला, पण रंग वर थांबायला लागला. अगदी विकतच्या कागदासारखा नाही, तरी थांबला. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की सासूबाईंना उठवून दाखवलं, दुपारी झोपल्या होत्या त्या. घोंगडीच्या ताण्याला जे लागतं तेच कागदाला चालतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, तीन कामं एकाच घरात चालतात म्हणून ते सापडलं. कसर लागू नये म्हणून ते कागद आता कडुलिंबाच्या पानांबरोबर ठेवते.

तर वाडगा फुटल्यानंतरची ती दिवाळी. मुंढव्याला केशवनगरमध्ये कुंभारांची वस्ती आहे, पणत्या आणायच्या निमित्ताने गेले, खरं तर मला मातीचा वास घ्यायचा होता, तीन महिने हात लावला नव्हता. एक काका विजेच्या चाकावर बसले होते. मातीचा एकच मोठा गोळा आणि त्याच्या शेंड्यावरून एकामागून एक पणती, बोटाने खोलगट करायची, चोच काढायची, दोऱ्याने कापायची, फळीवर ठेवायची. मोजून बघितलं तर एका पणतीला दहा सेकंद पण लागत नव्हते. माती कशाची विचारलं तर म्हणाले त्यात लीद आणि राख असते, लीद भाजताना जळून जाते, बारीक छिद्रं राहतात. म्हणजे वाफेला वाट आधीच करून ठेवलेली. मला माझा वाडगा आठवला आणि मी सगळं सांगून टाकलं, तो मग, तो फोन, ते तीन महिने, सगळं.

काकांनी चाक थांबवलं नाही. म्हणाले, "गालाला लावून बघितला होता का?"

"नाही काका. हाताने बघितला, कोरडा होता."

"हाताला काय कळतंय ताई. हात दिवसभर मातीत, त्याला सगळं सारखंच. गालाला लावायचा. गार लागला तर आत पाणी आहे, ठेवून द्यायचा."

आणि फळीवरची सकाळची पणती आणि बाजूची कालची पणती, दोन्ही मला दिल्या. दिसायला दोन्ही सारख्या पांढरट. एक गालाला लावली तर माठाला टेकल्यासारखी गार, दुसरी नुसती माती. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून गार लागतं, हे शास्त्र मला शाळेपासून पाठ आहे, माठ घरात आहे, तरी गालाला लावायचं सुचलं नव्हतं.

घरी आले आणि त्याच रात्री कागदावर वॉश टाकला. आधी पाणी आरशासारखं चमकतं, मग चमक मंदावते, सायीसारखी होते, मग पूर्ण जाते. चमक गेली की मी सुकला म्हणायचे. त्या वेळी तळहाताच्या मागच्या बाजूने कागद मागून स्पर्शून बघितला तर गार! म्हणजे वर सुकलाय, पोटात पाणी आहे, आणि नेमकं याच वेळी ब्रश लावला की तो डाग पडतो. आता नियम साधा, सायीसारखी चमक असेपर्यंत काय करायचं ते करा, चमक गेली की हात मागे, आणि कागद गार लागायचा थांबेपर्यंत पुढचा थर नाही. दीड वर्षं जे जमत नव्हतं ते पंधरा दिवसांत बरंचसं जमलं. आकाशं अजून बिघडतात, पण आता का बिघडलं ते कळतं.

लोकर मात्र गालालाही फसवते. ती स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी पिऊन बसते आणि हाताला कोरडीच लागते. मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या काट्यावर २०० ग्रॅम भरलेली लड मी ऑगस्टमध्ये परत मोजली तर २२० च्या वर गेली होती, कुणी हात लावला नव्हता तिला. म्हणजे पावसाळ्यात लोकर मोजून तुरटी घातली तर हिशोब चुकतो, आणि पावसाळ्यात ताणून विणलेलं काम मार्चमध्ये वेगळं लोंबतं. अकाउंट्सवाली असल्यामुळे हे मात्र मला लगेच पटलं. मग तोच काटा मी मातीला लावला. आता प्रत्येक वस्तू रोज संध्याकाळी मोजते, वहीत लिहिते, तीन दिवस सलग वजन तेच आलं आणि गालाला गार लागली नाही की मगच भाजायला नेते. बूड अंगठ्याच्या नखापेक्षा जाड ठेवत नाही, आणि वस्तू पालथी ठेवून वाळवते म्हणजे बुडालाही हवा लागते. स्टुडिओतल्या बाईंनी पण आता पावसाळ्यात भट्टी आधी रात्रभर १०० च्या खालीच ठेवायला सुरुवात केलीये. पुढे ५७३ डिग्रीपाशी मातीतल्या गारगोटीच्या (क्वार्ट्झच्या) कणांचा आकार एकदम बदलतो, चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा, तिथे घाई केली की तडे, म्हणून भट्टी निवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. आधी मला भट्टी कधी उघडते असं व्हायचं, आता मीच त्यांना सांगते की उद्या उघडू.

वर्षाचं वेळापत्रक पण त्यामुळे बदललं. एप्रिल-मेमध्ये माती करत नाही, कडा दुपारपर्यंत वाळून जातात आणि बूड ओलं, मग तडा ठरलेला, केलंच तर ओल्या फडक्यात गुंडाळून. उन्हाळा लोकर धुवायला आणि रंगवायला. पावसाळा जलरंगांना, वॉश हळू सुकतो आणि ढगांना वेळ मिळतो, जो ऑगस्ट मला शत्रू वाटायचा त्यातच आता सगळ्यात बरी आकाशं होतात. थंडी मातीची, आणि विणणं बारा महिने.

सध्या जे चालू आहे ते तिन्हीचं मिळून आहे. खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठा नदीवरचा भिडे पूल बुडतो, पुण्यात वाढलेल्या प्रत्येकाने ते कठड्याला टेकून बघितलेलं आहे. मागच्या पावसाळ्यात झेड ब्रिजवर छत्री धरून मी त्याची अकरा छोटी चित्रं केली, चिंचोक्याची खळ दिलेल्या कागदावर, पाणी कुठे मातकट आणि कुठे काळपट आहे एवढंच बघायला. त्यावरून आता माग लावलाय, लाकडी चौकटीचा साधाच, ताणा काळ्या लोकरीचा, बाणा, म्हणजे आडवं सूत, कांद्याच्या टरफलांच्या तपकिरीचा आणि त्यात थोडी मंजिष्ठा. चार फूट लांब होईल. खाली ताण राहावा म्हणून मातीची वजनं बांधायची आहेत, पुलाच्या खांबांसारखी, सात. आमच्याकडे येणारे म्हणतात छंद छान जपलाय, चांगल्या मनाने म्हणतात. मी त्यांना मागापाशी नेते आणि हात लावायला देते, त्याच्यापेक्षा जास्त मला बोलून सांगता येत नाही.

सातांपैकी सहा वजनं वाळली, वहीत तीन दिवस तोच आकडा आहे. सातवं मी जरा जाड केलं होतं, मधल्या खांबाचं, त्याला जास्त ताण पेलायचाय. उद्या भट्टी लागणार आहे, स्टुडिओतून दोनदा मेसेज आलाय की आणताय ना. आत्ता जेवणं झाल्यावर काट्यावर ठेवलं तर कालच्यापेक्षा दोनच ग्रॅम कमी. सासूबाई म्हणाल्या, दोन ग्रॅमने काय होतंय. मी ते उचलून त्यांच्या गालाला लावलं.

"गार आहे गं," म्हणाल्या.

मग सहाच पिशवीत भरली, आणि सातवं पेपर बदलून परत पालथं ठेवलं.